भोपळा का धरेना?

(प्रौढ वर्गाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही चार शब्द बोलावेत, असे चालकांनी सांगितले. भाषण म्हटले की लोक घड्याळाकडे पाहू लागतात. म्हणून भाषण नको. आपण सारे मिळून एका प्रश्नाचे उत्तर शोधू. प्रश्नही आमचा नाही. आपल्याच वर्गातल्या एका ताईंचा आहे.

गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, शिवरात्रीच्या सुमाराला भोपळ्याचं बी लावलं. वेल पत्र्यावर गेला. पिवळीधमक फुलं येतात. पण भोपळा काही धरत नाही. बोराएवढा होतो, पिवळा पडतो नि गळतो. शेजारीण म्हणते, नजर लागली. लिंबू-मिरची बांधली, तरी तेच. खत कमी पडतंय का?"

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन वेल पाहिला. आम्ही जुने मॅट्रिक झालेले मास्तर. किड्यांचे मोठे शास्त्र आम्ही शिकलो नाही. पण चाळीस वर्षे मुलांना पाने-फुले दाखवीत आलो आणि निवृत्त झाल्यावर पुस्तके वाचीत आलो. वेल चांगला पोसलेला होता. खत कमी नव्हते. नजर तर नव्हतीच. तासभर आम्ही तेथे बसलो. तेवढ्या वेळात एकही मधमाशी त्या वेलावर आली नाही. दुखणे तेथेच होते.

आता हे नीट समजून घेऊ.

भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुले येतात. एक नर-फूल. ते लांब सरळ देठावर असते. दुसरे मादी-फूल. त्याच्या बुडाशी आधीच एक इवलासा भोपळा असतो. नर-फुलात पिवळी पूड असते. तिला पराग म्हणतात. ही पूड मादी-फुलात पोचली, तरच तो इवला भोपळा वाढतो. न पोचली तर तो पिवळा पडून गळतो.

ही पूड जड आणि चिकट असते. वाऱ्याने उडत नाही. ती नेऊन पोचवायला कुणीतरी लागते. हे काम मधमाशी करते. ती येते मधासाठी. तिच्या अंगावरच्या लवेला पूड चिकटते आणि पुढच्या फुलात पडते. तिला मध मिळतो, आपल्याला भोपळा मिळतो. मादी-फूल एकच सकाळ उघडे असते. पहाटे उमलते, दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात माशी आली तर आली. नाही तर ते फूल वाया गेले.

म्हणजे फुलाची आणि पाखराची एक ठरलेली भेट असते. तिला जागा ठरलेली, वेळ ठरलेली. आज काय झाले आहे? शहर वाढले, त्याने भेटीची जागा घेतली. हवा तापली, तिने भेटीची वेळ चुकवली. आम्हाला आज सांगावयाचे आहे ते इतकेच. पुढचा सारा विस्तार याचाच आहे.

जागा कशी गेली

आधी जागेचे पाहू. आमचे गाव हे २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी एक. १९७८ साली आम्ही येथे मास्तर म्हणून आलो, तेव्हा शाळेपलीकडे बाजरी आणि भुईमूग असे. बांधावर बोरी-बाभळी होत्या. परड्याला शेराचे कुंपण होते. घरे मातीच्या भिंतींची होती. तुमच्यातल्या पुष्कळांनी हे पाहिले आहे.

या साऱ्यात किड्यांची घरे होती. आपल्याकडे मध साठवणाऱ्या माश्या अनेक. मोठे, एकच पोळे उंच फांदीला लावते ती आग्या माशी. झुडपात हातभर उंचीवर लहान पोळे करते ती फुलोरी. झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक अशी पोळी लावते ती सातेरी. भिंतीच्या फटीत राहते ती डंख नसलेली इवली पोया. यांखेरीज कितीतरी माश्या एकट्या राहतात. त्या मोकळ्या जमिनीत बोटभर बीळ करून त्यात अंडी घालतात. आपल्याला त्या दिसतही नाहीत.

आता हिशेब करा. जुने झाड तोडले, सातेरीची ढोली गेली. कुंपण काढून पत्रा लावला, फुलोरीची जागा गेली. मातीची भिंत पाडली, पोया गेली. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले, बिळात राहणारी माशी गेली. कुणी मुद्दाम काही मारले नाही. आपण फक्त घर नीटनेटके केले.

घर नीट करू नये, असे आम्ही म्हणत नाही. पक्के घर कुणाला नको? मातीच्या भिंतीत विंचूही निघत. पण घर बांधताना आपण सगळेच झाकून टाकतो. वीतभर माती मोकळी ठेवत नाही. आमची तक्रार तेवढीच आहे.

दिव्यांचेही तसेच. दुधी भोपळ्याचे पांढरे फूल तुम्ही पाहिले असेल. ते संध्याकाळी उमलते. दोडकाही तिन्हीसांजेला फुलतो. पडवळाचे झालरीचे फूल रात्री उघडते. रात्री मधमाशी निजते. मग या फुलांकडे कोण येते? रात्रीचे पतंग येतात. अंधारात पांढरे फूल त्यांना दिसते, वास येतो. पण शेजारी रात्रभर लखलखीत दिवा असला, तर पतंग त्या दिव्याभोवती फिरत राहतात आणि सकाळी खांबाखाली मरून पडतात. फूल त्यांची वाट पाहून मिटून जाते.

वेळ कशी चुकली

आता वेळेचे पाहू. "उन्हाळा पूर्वीसारखा राहिला नाही," असे आपण म्हणतो. ते खरे आहे. त्याची मोजदाद झालेली आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने साऱ्या पृथ्वीची हवा २०११ ते २०२० या दहा वर्षांत सरासरी १.१ अंशाने अधिक तापलेली होती. आपल्या देशाची हवा १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने तापली. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कोळसा, रॉकेल, पेट्रोल जाळून जो वायू हवेत साठतो, तो पृथ्वीवर गोधडीसारखा पसरतो. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

शहरात त्यावर आणखी भर पडते. डांबर आणि सिमेंट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ती ऊब सोडतात. म्हणून शेतात रात्री गार वाटते आणि गल्लीत भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट असते.

तुम्ही म्हणाल, एका अंशाने काय होते? अंगात ताप चढतो, तेव्हा एका अंशाने काय होते ते आईला विचारा. किड्यांना तर आपल्यासारखी अंगची ऊब राखता येत नाही. जशी हवा, तसे त्यांचे अंग. हवा तापली की अंड्यातून अळी लवकर निघते, अळीचे पाखरू लवकर होते. झाडांचेही घड्याळ असते. पण दोघांची घड्याळे एकच नव्हेत. कुणी उबेवर चालतो, कुणी दिवस किती मोठा झाला यावर चालतो. उबेवर चालणारा लवकर उठतो, दुसरा मागे राहतो. मग फूल आले तरी माशी नाही, आणि माशी आली तर फूल नाही, असे होते.

झाडे खरोखर लवकर उठू लागली, याचा एक जुना पुरावा आहे. तो आपल्याकडचा नाही, जपानातला आहे. तेथील क्योटो शहरात चेरीची झाडे कधी फुलली, त्याच्या नोंदी बाराशे वर्षांपासूनच्या आहेत. फुलांचा उत्सव असे, म्हणून लोक तारीख लिहून ठेवीत. २०२१ साली ती झाडे २६ मार्चला पूर्ण बहरली. त्या साऱ्या नोंदींत इतका लवकर बहर कधी आला नव्हता. लिहून ठेवले, म्हणून हे आज कळले. अक्षराचा असाही उपयोग असतो.

आपल्याकडे आंब्याचे पाहा. मोहोर यायला थोडी थंडी लागते. मोहोरावर अवेळी पाऊस पडला, ढग राहिले, की फळ धरवणाऱ्या माश्या उडत नाहीत. उलट तुडतुडे वाढतात, भुरी पडते. बागायतदाराचे वर्ष चार दिवसांत जाते.

मधमाशीवरही उन्हाचा भार पडतो. पोळ्यात पिल्ले असतात, तेथे ती सुमारे ३५ अंश ऊब राखते. त्याहून तापू लागले, की माश्या पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. मे महिन्यात निम्म्या माश्या पाणक्या झाल्या, तर फुलावर कोण जाणार?

आणि ताईंच्या वेलाचे काय? फार ऊन झाले, की भोपळ्याचा वेल नर-फुले अधिक काढतो आणि मादी-फुले कमी. पत्र्यावर चढवलेल्या वेलाला खालून पत्रा भाजतो, वरून ऊन भाजते. मादी-फुले मुळात थोडी. त्यांच्याकडे माशी नाही. मग भोपळा कसा धरावा?

माशी गेली, डास आला

सगळेच किडे शहरात मरतात, असे मात्र नाही. काहींचे फावते. पांढऱ्या पट्ट्यांच्या पायाचा, दिवसा चावणारा डास तुम्ही ओळखता. डेंग्यू पसरवतो तो. त्याला गटार नको, स्वच्छ साठवलेले पाणी हवे. पिंप, कुलरची टाकी, कुंडीखालची थाळी, गच्चीवरचे टायर. शहराने त्याला घरोघर पाळणे बांधून दिले आहेत. उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. म्हणून पिंप नुसते उपसून भागत नाही. आठवड्यातून एकदा कडा घासून, पालथे घालून कोरडे करावे लागते. "कोरडा दिवस पाळा" म्हणतात, ते यासाठीच.

आपण काय केले पाहा. पोट भरणारी माशी घालवली आणि रक्त पिणारा डास ठेवून घेतला.

आमची चूक

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी स्वतःचे सांगावे. २००९ साली आम्ही मुख्याध्यापक होतो. शाळेच्या गॅलरीला आग्यामोहोळ लागले. एका मुलाला तीन-चार माश्या चावल्या. पालक चिडून आले. त्यांचे चुकले नाही. आग्या माशीचे झुंड अंगावर आले, तर जीव जातो. आम्ही कुणाला विचारले नाही. रात्री एका माणसाला बोलावून रॉकेलचा टेंभा लावून मोहोळ जाळले.

सकाळी गॅलरीखाली मेलेल्या माश्यांचा ढीग पडला होता. मुलांनी तो खराट्याने लोटून टोपल्यांत भरला. चौथीतली एक मुलगी टोपली हातात घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांनीच चावलं होतं का?"

आम्ही तिला वर्गात जा म्हणून सांगितले. दुसरे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढे वाचताना कळले, की आग्या माशी एका जागी कायम राहत नाही. हंगाम सरला की आपण होऊन उठून जाते. थांबता येत नसेल, तर जाणकार माणसे रात्री धूर देऊन ती उठवतात, जाळत नाहीत. मधमाश्यांचा अभ्यास करणारी मध्यवर्ती संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. आम्ही चौकशी करायला हवी होती. आठ दिवस गॅलरी बंद ठेवता आली असती. आम्ही ते केले नाही.

बिघडलेले सुधारते

मग आता सारे संपले का? नाही. इंग्लंडमधली एक खरी हकिकत सांगतो.

तेथे एक पतंग आहे. पांढरट पंखांवर मिरपूड शिंपडावी तसे काळे ठिपके. आपण मसाल्यात दगडफूल घालतो ना? त्याच जातीची बुरशी-शेवाळे तेथील झाडांच्या सालींवर वाढत. फिकट सालीवर हा फिकट पतंग बसला, की पक्ष्यांना दिसत नसे. पुढे मँचेस्टर शहरात गिरण्या आल्या. कोळशाच्या धुराने दगडफूल मेले, साली काळ्या पडल्या. आता फिकट पतंग उठून दिसू लागला आणि पक्षी त्याला टिपू लागले. त्याच पतंगात एखादा काळा निपजे. तसा १८४८ साली मँचेस्टरला पहिल्यांदा नोंदला गेला. तो काजळीत लपे, म्हणून वाचे. त्याची पिल्ले वाढत गेली. १८९५ सालापर्यंत त्या भागात शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले होते.

पुढे १९५६ साली तेथे धूर आवरण्याचा कायदा झाला. हळूहळू हवा निवळली, साली पुन्हा फिकट झाल्या. आणि फिकट पतंग परत वाढले. आज काळाच क्वचित दिसतो.

यात दोन गोष्टी आल्या. आपल्या चुलीच्या धुराने पाखराचा रंगसुद्धा पालटतो, ही एक. आणि माणसाने हात आवरला, तर बिघडलेले सुधारते, ही दुसरी. पण सुधारायला मूळ बी शिल्लक असावे लागते. फिकट पतंग शंभरात दोन उरले होते, म्हणून परत आले. एकही उरला नसता, तर कायदा करून काय उपयोग?

आपण काय करावे

जगाची हवा आपण एकटे गार करू शकत नाही. पण आपल्या उंबऱ्यातले काम आपलेच आहे.

भोपळ्याला आज फळ हवे असेल, तर सकाळी लवकर एक ताजे नर-फूल तोडा. पाकळ्या काढा. आतली पुडीची दांडी मादी-फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवा. ताईंना आम्ही हे दाखवले. पत्र्यावर वाळका पाचोळा पसरायलाही सांगितले.

फुलोऱ्यात औषध मारू नका. मारणे भागच असेल, तर सूर्य मावळल्यावर मारा. फुटक्या घमेल्यात तरी कढीलिंब, तुळस, झेंडू लावा. कढीलिंबावर अळी दिसली, की चिरडू नका. चार पाने खाईल आणि फुलपाखरू होईल. उथळ थाळीत खडे घालून माश्यांना पाणी ठेवा, पण ते रोज बदला, नाही तर डास होतील. बाहेरचा दिवा जरूर लावा, पण त्याचे तोंड खाली करा आणि निजताना मालवा. जेथे बायाबापड्यांना रात्री जावे-यावे लागते, तेथला दिवा मात्र राहू द्या.

आपल्या आवारातला उंबर

आता शेवटची गोष्ट. ती आपल्या दाराशीच आहे.

या वर्गाच्या आवारात एक उंबर आहे. न दिसणाऱ्या माणसाला आपण "उंबराचे फूल" म्हणतो. पण उंबराला फुले असतात. ती फळाच्या आत असतात. उंबर फोडले की केंबरे उडतात, ते आपण पाहतो आणि नाक मुरडतो. त्या केंबरांतच उंबराची माशी असते. ती तोंडाच्या बारीक भोकातून आत शिरते, दुसऱ्या झाडाची पूड फुलांना देते, अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची पिल्ले नवी पूड घेऊन बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्यांना दुसरा, नेमका तयार असलेला उंबर गाठावा लागतो. नाही गाठला, तर माशीही संपली आणि उंबराचे बीही संपले.

पूर्वी आपल्या ओढ्याकाठी सतरा उंबर होते. आम्ही मुलांकडून मोजून घेतले होते. आज तीन आहेत. त्यांतला एक हा.

फळे पडून घाण होते, म्हणून हा उंबर काढावा, साऱ्या आवारात ठोकळे बसवावेत आणि रात्रभर जळणारे दोन मोठे दिवे लावावेत, असा ठराव गेल्या महिन्यात झाला. त्या कागदावर आमचीही सही आहे. चहा पिता पिता आम्ही ती केली. वाचूनही नीट पाहिले नाही. तुम्हाला मात्र रोज सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका.

ती सही आम्ही परत घेत आहोत. पण आमच्या एकट्याच्या सहीने काय होणार? तुम्ही गेल्या वर्षी अंगठा उठवीत होता, आज नाव लिहिता. तेव्हा वर्गाने पहिला अर्ज लिहावा तो याच कामासाठी. मागणे साधे ठेवा. उंबर राहू द्यावा. पायवाटेपुरते ठोकळे बसवावेत, बाकी माती मोकळी ठेवावी. दिवे वर्ग सुटेपर्यंत असावेत, पुढे दाराजवळचा एक पुरे. पडलेली फळे झाडण्याची पाळी आम्ही वर्गातली माणसे घेऊ. सोमवारची पाळी आमची.

अर्ज तुमच्याच अक्षरात असू द्या. चुका झाल्या तर होऊ द्या. आम्ही फक्त शेवटी सही करू, आणि या खेपेला वाचून करू.

भोपळ्याच्या ताई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या वेलावर दोन भोपळे लिंबाएवढे झाले आहेत आणि अजून हिरवे आहेत, असे त्यांनी आत येताना सांगितले. हाताने धरवलेले भोपळे ते. पुढच्या वर्षी ते काम माशीने करावे, एवढीच आमची इच्छा.



विचार करा आणि लिहा

१. तुमच्या घराजवळ मोकळी माती किती पावले आहे? मोजा व लिहा.

२. भोपळ्याचे नर-फूल आणि मादी-फूल कसे ओळखाल?

३. पिंप नुसते उपसून का भागत नाही?

४. तुमच्या लहानपणी दिसणारे, पण आता न दिसणारे एक झाड आणि एक पाखरू यांची नावे लिहा.